बांधकामाचे दावे : उशिरा केलेली दुरुस्ती आणि तज्ज्ञाची साक्ष



समजा, एका सेवानिवृत्त शिक्षकाने आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतींना तडे गेले. गिलावा निकृष्ट आहे व स्लॅब गळते, एवढेच वादपत्रात लिहून त्याने कंत्राटदाराविरुद्ध दावा लावला. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर एका अभियंत्याने जागा पाहिली. त्याच्या मते दोष गिलाव्यात नसून पायात होता. भरावाची माती नीट न धुमसता पाया घातल्याने तो खचला होता.

तज्ज्ञाने सांगितले म्हणजे काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. वादपत्रात किंवा कैफियतीत जे मांडलेलेच नाही, त्याविषयीचा पुरावा कोर्ट सहसा विचारात घेत नाही; कारण प्रतिपक्षाला त्याचे उत्तर देण्याची संधी मिळालेली नसते. तेव्हा या शिक्षकाला प्रथम वादपत्रात दुरुस्ती मागणे प्राप्त आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम १७ अन्वये अशी दुरुस्ती करता येते. १९९९ च्या कायद्याने हा नियम गाळण्याचे ठरले होते. परंतु २००२ साली तो एका अटीसह कायम झाला. खटल्याची सुनावणी सुरू झाल्यानंतर, योग्य ती तत्परता दाखवूनही ती बाब आधी मांडणे शक्य नव्हते अशी कोर्टाची खात्री पटली, तरच दुरुस्तीला परवानगी मिळते. साक्षीदाराचे सरतपासणीचे शपथपत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली असे धरले जाते. तडे तर पहिल्यापासून डोळ्यांसमोर होते, मग ते अभियंत्यास का दाखविले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ नसेल, तर अर्ज बहुधा नामंजूर होईल. हे कठोर वाटते खरे. पण ऐन उलटतपासणीच्या वेळी नवीच कथा ऐकणाऱ्या कंत्राटदाराचीही बाजू असतेच.

लवादापुढे नियम काहीसा सैल आहे. लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम २३ नुसार मागणीत बदल करता येतो. मात्र झालेला विलंब पाहता तो अनुचित वाटल्यास लवाद नकार देऊ शकतो. गोवा राज्य व एक कंत्राटदार संस्था यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले की, करारात मर्यादा घातलेली नसेल तर आधी नोटिशीत नसलेली प्रतिमागणीही लवादापुढे मांडता येते. मुदतीचा कायदा तिलाही लागू असतोच.

तज्ज्ञाचे मत कोर्टावर बंधनकारक नसते. १ जुलै २०२४ पासून या विषयाची तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. मतामागची मोजमापे व चाचण्या दाखविता आल्या, तरच त्याला वजन येते. काँक्रीटच्या ताकदीविषयी शंका असल्यास त्याचे गाभे कापून तपासतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान तीन गाभे घ्यावे लागतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. नुसते ‘काँक्रीट कच्चे दिसते’ असे म्हणणारा तज्ज्ञ उलटतपासणीत टिकत नाही.

जागेची पाहणी करण्यासाठी आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमला जातो व त्याचा अहवाल पुराव्यात धरला जातो. पण तोपर्यंत घरमालकाने तडे बुजवून भिंत रंगविली असेल, तर कमिशनर पाहणार काय? म्हणून डागडुजीपूर्वी कंत्राटदारास लेखी नोटीस देऊन, तारखेसह छायाचित्रे घेऊन अभियंत्याचा अहवाल करून ठेवावा आणि मगच वादपत्र वकिलाकडून लिहून घ्यावे. सरकारी कामात पाया बुजण्यापूर्वीची मापे मोजमाप पुस्तिकेत नोंदलेली असतात. खासगी घरमालकाजवळ तशी साधी वही असली आणि तीवर दोघांच्या सह्या असल्या, तरी तज्ज्ञाला पुष्कळ आधार मिळतो.