परार्ध आणि त्यापलीकडे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



लाख, कोटी, अब्ज हे शब्द आपल्या कामकाजात नित्य उच्चारले जातात. परंतु त्यांचे परिमाण आपल्या मनात उभे राहते काय? एक लाख सेकंद म्हणजे सुमारे २८ तास, एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस आणि एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे. एक दिवस, एक चातुर्मास आणि अर्धे आयुष्य, एवढे हे अंतर आहे.

मोठ्या संख्यांना नावे देण्याची आपली परंपरा प्राचीन आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत एकापासून परार्धापर्यंत दहादहा पटींनी वाढणारी १३ नावे येतात. तेथे परार्ध म्हणजे एकावर १२ शून्ये. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटणे येथे मठ स्थापन केला, त्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त १८ स्थाने सांगितली. तेथे परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. नाव तेच, परंतु संख्या लाखपट मोठी!

अशी उदाहरणे इतरत्रही आढळतात. ‘लीलावती’तील अर्बुद म्हणजे दहा कोटी, तर त्याच शब्दापासून आलेला हिंदीतील ‘अरब’ म्हणजे शंभर कोटी. ब्रिटनमध्ये ‘बिलियन’ म्हणजे पूर्वी लाख कोटी समजत. १९७४ मध्ये तेथील शासनाने शंभर कोटी हा अर्थ शासकीय आकडेवारीसाठी स्वीकारला. तात्पर्य, नाव हा संकेत आहे आणि संकेत बदलतात. या संज्ञा पूर्वजांनी व्यवहारासाठी केल्या, असे भास्कराचार्यांनीच नमूद केले आहे.

स्थान मात्र बदलत नाही. दशलक्ष ही संख्या आपण १०,००,००० अशी लिहितो, पाश्चात्त्य १,०००,००० अशी लिहितात. स्वल्पविराम सरकले, शून्ये सहाच राहिली. म्हणूनच नावे अपुरी पडतात तेथे गणिती घात वापरतात. लाख म्हणजे दहाचा पाचवा घात, तर ‘लीलावती’तील परार्ध म्हणजे सतरावा. काही संख्यांपुढे ही पद्धतीही थिटी पडते. त्यांच्यासाठी डोनाल्ड कनूथ यांनी १९७६ मध्ये बाणचिन्हांची पद्धत मांडली. रोनाल्ड ग्रॅहम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली संख्या इतकी प्रचंड आहे की तिचे सर्व अंक लिहिण्यास ज्ञात विश्वही पुरणार नाही. तरीही बाणांच्या साहाय्याने तिची व्याख्या काही ओळींत मावते, कारण लेखनाचा नियम निःसंदिग्ध आहे.

हीच निःसंदिग्धता आपल्या दप्तरातही हवी. एक शून्य गळले की दहा लाखांचे एक लाख होतात आणि एखाद्या वस्तीची पाणीयोजना कागदावरच अडते. म्हणून रक्कम अंकी व अक्षरी अशी दोन्ही लिहावी. ग्रामसभेत ती दरडोई करून सांगावी. चार हजार वस्तीच्या गावात एक कोटी म्हणजे माणशी अडीच हजार रुपये, हे सर्वांस तत्काळ उमगते. शिक्षकांनी मुलांकडून संख्या मोठ्याने वाचून घ्यावी व शून्ये मोजून घ्यावी.

ज्या ग्रामस्थास आकडा कळतो, तोच हिशेब विचारू शकतो. तो आकडा त्याला कळेल असा मांडणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.