पडदा काळा असताना



आपल्या जालन्यातही काही मुले आता सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवतात. अशाच एका घरून मला बोलावणे आले. नवी रॅम बसवली होती, पंखे फिरत होते, पडदा मात्र काळा. मुलाने दोन-दोन मिनिटे थांबून तीनदा बटण बंद केले होते. वडील सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारे. "पैसे बुडाले," एवढेच ते म्हणत होते. मुलगा मान खाली घालून बसलेला.

दोष कोणाचाच नव्हता. ही डीडीआर-५ जातीची मेमरी. तिचे मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. तिचा वेग एवढा, की तिच्याकडून येणारा संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे यंत्राला आधी चाचण्या घेऊन ठरवावे लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात कित्येक मिनिटे जातात. रॅम जास्त तर वेळही जास्त. मध्येच बंद केले की पुन्हा पहिल्यापासून. (वीज गेली तरी तेच, आणि ती आपल्याकडे जातेच!) एकदा आकडे जुळले की ते साठवले जातात, म्हणून पुढच्या वेळी यंत्र लवकर सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांतही काही दिसले नाही, तर वीज पूर्ण काढून रॅमची एकच पट्टी लावून पाहावी, दुकान त्यानंतर.

आम्ही बटणाला हात न लावता बसलो. चहा झाला. सातव्या मिनिटाला पडदा उजळला. वडील मुलाला म्हणाले, "अरे, भट्टी तरी पेटवल्याबरोबर कुठे तापते?"