बाळ हवं का, केव्हा हवं? आधी दोघं बोला!

(गावसभेत नव्या जोडप्यांपुढे आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, भाकरतुकडा खाऊन तुम्ही जोडीनं इथं आलात, याचा मला आनंद वाटतो. जोडीनं आलात हे महत्त्वाचं. एरवी हा विषय निघाला की पुरुषमंडळी पारावर जाऊन बसतात आणि बाया तोंडाला पदर लावतात. आज दोघंही समोर आहात, म्हणजे अर्धं काम झालं.

मी नर्सबाई. माझ्या हातावर पुष्कळ बाळंतपणं झाली. बाळाचा पहिला टाहो फुटला की घरात साखर वाटतात, तो आनंद मी जवळून पाहिला आहे. तेव्हा मुलं होऊ देऊ नका, असं सांगायला मी आलेली नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. मूल आपोआप होणं वेगळं आणि दोघांनी ठरवून होऊ देणं वेगळं. आणि ते ठरवायचं तुम्ही दोघांनी. शेजारणीनं नाही, भावकीनं नाही आणि सरकारनंही नाही.

"मला कुणी विचारलंच नाही"

एकदा एक जोडपं उपकेंद्रात आलं. लग्नाला आठ महिने झालेले. बरोबर सासूबाई. म्हणाल्या, "बाई, अजून काही नाही. एखादं औषध द्या." सून एकोणीस वर्षांची. मी सासूबाईंना बाहेर चहा दिला आणि त्या दोघांना आत बसवलं. विचारलं, "तुम्हाला मूल हवंय का? हवं तर केव्हा?" नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "घरचे म्हणतात." मग सुनेला विचारलं. ती हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

बघा मंडळी! आठ महिने एका छपराखाली राहिले. बियाण्याचं बोलले, खताचं बोलले, म्हशीच्या किमतीचंही बोलले. पण जन्माचा सगळ्यांत मोठा निर्णय, त्यावर एक शब्द नाही. आपण बैल घ्यायचा झाला तर चार बाजार हिंडतो, दात बघतो, चालवून बघतो. आणि मूल मात्र "होईल तेव्हा होईल" म्हणून सोडून देतो.

त्या दोघांनी त्या रात्री बोलून घेतलं. दोन वर्षं थांबायचं ठरवलं. तेवढ्यात पोरीनं राहिलेली बारावीची परीक्षा दिली, नवऱ्यानं घरावर पत्रे घातले. आज त्यांची मुलगी चार वर्षांची आहे. औषध मागायला आलेल्या त्याच सासूबाई नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडायला जातात.

चोवीस तासांचा हिशेब

मूल झालं म्हणजे नक्की काय होतं, ते आता बघू. बारशाच्या घुगऱ्या संपल्या, पाहुणे गेले, की खरं काम सुरू होतं.

नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी आईनं उठायचं, दिवसा आणि रात्रीही. शिवाय लंगोट आणि दुपटी धुवायची, पाणी तापवायचं, चूल पेटवायची. त्यात बाळंतिणीचं अंग अजून भरून आलेलं नसतं, काही आठवडे रक्तस्राव चालू असतो. तिला नेहमीपेक्षा जास्त खायला लागतं. आणि आपल्या घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं खाणारी तीच असते!

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. सहा महिने झाले की दुधाबरोबर मऊ भात, वरण, कुस्करलेली भाकरी. दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजलं तर उत्तम. लस जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, पुन्हा नऊ महिन्यांनी आणि दीड वर्षाच्या सुमारास. लस फुकट असते, पण दर खेपेला कुणाची तरी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मग रात्रीचा ताप, जुलाब, शाळा, वह्या-पुस्तकं. हे काम अठरा वर्षांचं आहे, आणि त्याला सुट्टी नाही.

काही बायांना बाळंतपणानंतर सारखं रडू येतं, झोप लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही. घरातले म्हणतात, बाहेरची बाधा झाली. बाधा नाही, हा आजार आहे आणि तो बरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त असं राहिलं, तर तिला दवाखान्यात आणा. जिवाचं बरंवाईट करण्याचं किंवा बाळाला इजा करण्याचं ती बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

आता पुरुषमंडळींना एक सांगते. अंगावर पाजणं सोडलं, तर बाळाचं असं एकही काम नाही की जे बापाला जमणार नाही. बाळाला फिरवून झोपवा, लंगोट धुवा, लस टोचायला घेऊन या. तुम्ही म्हशीची धार काढता, आजारी वासराला रात्रभर शेकता. मग स्वतःच्या लेकराचं करताना लाज कसली?

हे ऐकून भिऊ नका. ते लेकरू एक दिवस तुमचं बोट धरून अंगणात पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा सगळे कष्ट विसरायला होतात. फक्त कष्ट आहेत हे आधी माहीत असावं, आणि ते दोघांत वाटून घ्यावेत.

वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही

तुम्ही शेतकरी आहात. रानाला वाफसा आल्याशिवाय तुम्ही पेरत नाही. मग आईच्या अंगाचं काय?

कायद्यानं मुलीचं लग्न अठरा वर्षांआधी आणि मुलाचं एकवीस वर्षांआधी करता येत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोवळ्या वयात बाळंतपण म्हणजे आईला धोका आणि बाळालाही. निदान विशी ओलांडेपर्यंत पाळणा लांबवा. आणि मूल हवं असं ठरलं की आधी रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचं रक्त अकराच्या खाली असेल, तर ते कमी समजावं.

एक बहीण मला आठवते. दहा महिन्यांचं लेकरू अंगावर पीत होतं आणि तिला पुन्हा दिवस गेले. ती म्हणाली, "अंगावर पाजतेय, पाळीही आली नव्हती, मग कसं झालं?" बायांनो, हे नीट ऐका. बाळंतपणानंतर पाळी परत येण्याच्या आधी शरीरात बीज तयार होऊ शकतं. म्हणून पाळी आली नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. त्या बहिणीचं रक्त आधीच कमी होतं. बाळंतपणात आणखी गेलं. १०८ ची गाडी बोलावून तिला रातोरात जिल्ह्याला नेलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, तेव्हा ती वाचली. मोठ्याचं अंगावरचं दूध लवकर तुटलं, धाकटं वजनानं कमी, आणि आईच्या अंगात दोघांना उचलायचं बळ नाही. नवरा मला म्हणाला, "आधी कुणी सांगितलं असतं तर!" म्हणून मी सांगत फिरते. एक बाळंतपण झालं की पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्या. म्हणजे दोन लेकरांत सुमारे तीन वर्षांचं अंतर पडेल.

लोक काय म्हणतील?

लोक म्हणतात, "ज्यानं चोच दिली तो चाराही देईल." पण चारा आणायला रानात तुम्हालाच जावं लागतं.

लोक म्हणतात, "वंशाला दिवा पाहिजे." मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं. आईच्या बीजात एकाच प्रकारचा अंश असतो, बापाच्या बीजात दोन प्रकारचे. तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणं हे अज्ञान आहे. गर्भाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि म्हातारपणी पाणी कोण देतं, ते गावातच बघा. किती लेकी आईबापांना सांभाळताहेत!

आणि देवाघरी मूल नाही म्हणून ज्यांना टोमणे ऐकावे लागतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासणी करावी. दोष नवऱ्यातही असू शकतो. एकट्या बाईला देवऋषाकडं फिरवू नका. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना पोटचं मूल नव्हतं. त्यांनी एका विधवा आईचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, वाढवला, तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्यांचं जीवन अपुरं होतं, असं कोण म्हणेल? दत्तक घ्यायचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा, कायद्यानंच घ्या. आणि एखाद्या जोडप्यानं विचार करून, दोघांच्या संमतीनं मूल नकोच असं ठरवलं, तर तोही त्यांचा अधिकार आहे.

साधनं आहेत, सक्ती नाही

संततिनियमन ही काही आजकालची गोष्ट नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९५२ पासून सरकारनं हे काम हाती घेतलं. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीसाठी जबरदस्ती झाली, ही गोष्टही खरी आहे. वडीलधाऱ्यांच्या मनात ती भीती अजून असेल. तसं आता होता कामा नये. साधन कोणतं वापरायचं, केव्हा बंद करायचं, हे तुम्हीच ठरवायचं.

सरकारी दवाखान्यात ही साधनं मोफत मिळतात :

निरोध : पुरुषासाठी. गुप्तरोगापासूनही बचाव होतो. दर वेळी नवा वापरावा.

गोळ्या : माला-एन रोज एक. अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने ही गोळी घेऊ नये. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ती पाजणाऱ्या आईलाही चालते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. पाळी पुढंमागं होते किंवा बंद राहते. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

तांबी : पाच किंवा दहा वर्षांची. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. मूल हवं झालं की काढून घ्या.

नसबंदी : ज्यांना पुढं मूल नकोच, त्यांच्यासाठी. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. त्यानं मर्दपणा जात नाही, कामाची ताकद जात नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून खात्री करायची.

कोणतं साधन कुणाला सोसेल, हे तपासून ठरतं. तेव्हा आधी विचारा. आणि नको असताना दिवस गेलेच, तर गावठी उपाय करून जीव धोक्यात घालू नका. १९७१ च्या कायद्यानुसार ठरावीक मुदतीत, मान्यता असलेल्या दवाखान्यात गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला त्यासाठी तिची स्वतःची संमती पुरते. लवकर या, म्हणजे धोका कमी.

आज रात्री एवढं करा

मंडळी, आता घरी जाल. आज रात्री दिवा मालवण्याआधी दोघांनी एकमेकांना चार प्रश्न विचारा. आपल्याला मूल हवं का? हवं तर केव्हा? आईची तब्येत तयार आहे का? आणि बाळ रात्री रडलं तर कोण कोण उठणार?

नवऱ्यानं आधी विचारावं आणि बायकोचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. ती गप्प बसली तर ते उत्तर 'हो' समजू नका. एका रात्रीत ठरणार नाही, ठरायला नकोही. नाहीच उमगलं तर आशाताईंना सांगा, किंवा दोघं मिळून आमच्याकडं या. तुमची गोष्ट तिसऱ्या कानाला जाणार नाही.

पाळणा केव्हा हलवायचा ते दोघांनी ठरवा, आणि हलला की दोरीही दोघांनी ओढा.

राम राम!