सातवी सही: भादलीची निवडणूक, लंडनचा निकाल आणि आमच्या ऑफिसचं वॉशरूम

आज मधूनच टँकरचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, घरूनच रेकॉर्ड करतेय. घर पावण्याला. नव्या ऐकणाऱ्यांसाठी सांगते, पावणेदोनमधलं पावणे नाही आणि घरी जेवायला येतात ते पाव्हणेही नाहीत. ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेलं आमचं गाव. आता नाव काढलं की लोकांना फक्त एमआयडीसी आठवते, पण गावठाण आहे अजून, आणि आम्हीही आहोत.

आजचा विषय मी बरेच महिने टाळला. कारण त्यात माझी सही आहे.

झालं असं. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात, टेस्टिंग टीममधे, एक मुलगी आली. ती ट्रान्स आहे. कंपनीचं नाव घेणार नाही, तिचंही नाही. हा भाग तिला आधी ऐकवलाय आणि तिनं हो म्हटलंय. ती आल्यावर पहिल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या लेडीज वॉशरूमवरून कुजबुज सुरू झाली. कोणी काही केलं नव्हतं. तिनं तर नाहीच नाही. तरी एचआरला एक ईमेल गेला. भाषा एकदम सभ्य: आम्हाला तिच्याबद्दल आदर आहे, पण महिला कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार करता वगैरे वगैरे. खाली अकरा नावं. सातवं माझं.

आता मी सही का केली? 'सगळ्यांनी केली म्हणून' हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं, की बारावीत असताना रात्रीच्या ट्रान्स-हार्बर लोकलला, लेडीज डब्यात, आम्ही दोघीच होतो आणि एक माणूस चढला. पुढचं सांगत नाही, तुमच्यातल्या कित्येकींना न सांगता कळेल. आम्ही पुढच्या स्टेशनला उतरून धावलो. तेव्हापासून 'फक्त महिलांसाठी' ही पाटी माझ्यासाठी नुसती पाटी नाही. त्यामुळे कुठली बाई म्हणाली की मला या बंद खोलीत कोण येतंय याची भीती वाटते, तर मी तिला मागासलेली म्हणणार नाही. ज्या लोकांना रात्रीच्या लोकलमधे डबा निवडावा लागत नाही, त्यांनी तर मुळीच म्हणू नये.

पण एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नव्हती. त्या रात्रीच्या माणसानं शर्ट-पँट घातली होती. आत यायला त्याला बाईचा वेश घ्यावा लागला नव्हता. कुठलं ओळखपत्रही दाखवावं लागलं नव्हतं.

बरं, ईमेल गेला त्याच सुमारास एका मैत्रिणीनं मला लंडनच्या निकालाचा स्क्रीनशॉट पाठवला. १६ एप्रिल २०२५, ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय, पाचही न्यायाधीशांचं एकमत: तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मानं, शरीरानं स्त्री. खाली मैत्रिणीनं लिहिलेलं, 'बघ, कोर्टानंच सांगितलं.' मलाही तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी तो खटला नीट वाचला. (मी टेस्टर नाही, पण बग कुठून आला हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही.) भांडणाची सुरुवात वॉशरूमवरून झालीच नव्हती! स्कॉटलंडनं २०१८ मधे कायदा केला होता, की सरकारी मंडळांवरच्या बाहेरून नेमलेल्या सदस्यांमधे निम्म्या बायका असाव्यात. प्रश्न हा होता, की ज्या ट्रान्स स्त्रीकडे लिंगबदलाचं कायदेशीर प्रमाणपत्र आहे ती त्या निम्म्यांत मोजायची का? म्हणजे राखीव खुर्चीचा प्रश्न. आणि त्याच निकालात हेही आहे, की ट्रान्स लोकांना भेदभावापासून असलेलं वेगळं संरक्षण जसंच्या तसं राहील. स्क्रीनशॉटमधे ते वाक्य अर्थातच नव्हतं.

राखीव खुर्ची म्हटल्यावर मला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे घडून गेलंय. आणि लंडनच्या चार वर्षं आधी.

जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक नावाचं गाव आहे. २०२० च्या डिसेंबरात तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. अंजली पाटील यांनी अर्ज भरला. कोर्टाच्या कागदावर त्यांचं नाव अंजली गुरू संजना जान. वॉर्ड सर्वसाधारण महिलांसाठी राखीव. निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला: तुम्ही ट्रान्सजेंडर आहात, ही जागा महिलांची आहे. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. मतदान १५ जानेवारीला, म्हणजे वेळ किती कमी होता बघा. २ जानेवारी २०२१ ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाचा: आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवायचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा. (त्या खटल्यात आपल्या शेजारच्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. आणि गंमत बघा, नालसाचा निकाल आणि लंडनचा निकाल यांच्यात बरोबर अकरा वर्षं आणि एक दिवस.) त्या लढल्या आणि निवडून आल्या. त्या वॉर्डातल्या लोकांनी, बायकांनी आणि पुरुषांनी, मतं दिली.

हे सोपं वाटतं ना? पण हेच २००३ मधे शेजारच्या राज्यात उलटं झालं होतं. मध्य प्रदेशात कटनीच्या महापौर कमला जान महिलांसाठी राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं, तुम्ही कायद्यानं पुरुष. निवडणूक रद्द. लोकांनी दिलेलं महापौरपद गेलं. मधे नालसा आला म्हणून भादलीला वेगळा निकाल लागला, एवढाच फरक.

भादलीच्या निकालातला एक भाग मात्र मी तीनदा वाचला. अंजली यांना कोर्टात शब्द द्यावा लागला, की यापुढे आयुष्यभर मी स्त्री म्हणूनच राहीन, फायद्यासाठी पुरुष होणार नाही. विचार करा, आपल्यापैकी कुठल्या उमेदवार बाईला असा शब्द द्यावा लागतो? आयुष्यभराचा? पण कोर्टाची बाजूही मला कळते. ज्या बायकांनी ती राखीव जागा मिळवली त्यांची शंका कोर्टानं फेटाळली नाही, तिला उत्तर दिलं. आणि त्या शब्दाला एक अपवाद ठेवला: उद्या सार्वजनिक जीवनात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वेगळं आरक्षण आलं तर त्या तिकडे जाऊ शकतात.

माझं लक्ष त्या अपवादावर अडकलं. कारण कोर्टापुढे मुळात खुर्च्याच दोन प्रकारच्या होत्या. ३४० पानी नियमावलीत तिसऱ्या माणसाला बसायला जागा नसेल तर तो कोणाच्या तरी खुर्चीपाशी जाणारच, आणि मग आपण म्हणतो बघा, यांचे हक्क एकमेकांवर आदळले. (३४० हा आकडा मी गमतीनं टाकलाय, शोधत बसू नका.) पोलीस भरतीत तेच झालं. ऑनलाइन अर्जात दोनच रकाने. दोन उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, सरकार उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयानं सांगितलं की नियम करा आणि तोवर दोन जागा रिकाम्या ठेवा. फॉर्ममधे एक रकाना! आम्ही इंजिनिअर लोक हे काम चहा संपायच्या आत करतो. अडचण कोडची नव्हती.

माझी ती मैत्रीण यावर म्हणाली, 'अगं पण महिला आरक्षण किती भांडून मिळालंय.' खरंय. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रानं २०११ मधे त्या निम्म्या केल्या. पण मी तिला विचारलं, तुमच्या गावात महिला सरपंच आहे ना, मीटिंगला कोण बसतं? ती हसली. तिच्या काकूच्या नावावर पद होतं, पाच वर्षं सही काकूची आणि खुर्ची काकांची. ती खुर्ची खरोखर गेली होती, आणि त्यासाठी आमच्या घरात कोणी कधी ईमेल लिहिला नाही.

तरी माझ्या मैत्रिणीला मी पूर्ण पटवू शकले नाही, आणि खेळाच्या मैदानावर तर माझ्याकडेही एका ओळीचं उत्तर नाही. तिथं सेकंद आणि सेंटिमीटर मोजतात, तिथला प्रश्न वेगळा आहे. एवढंच सांगते, की दारावर तपासणी बसवली की तिच्यात आधी बायकाच सापडतात. शांती सौंदराजननं २००६ च्या दोहा एशियाडमधे ८०० मीटरचं रौप्य जिंकलं होतं. बाई म्हणून जन्मली, बाई म्हणून वाढली. चाचणी झाली आणि पदक गेलं. आमच्या गावची एक कबड्डीपटू आहे, केस बारीक, खांदे रुंद. तिला लेडीज डब्यात आजही बायका अडवतात. उद्या आमच्या वॉशरूमच्या दारावर 'खरी बाई कोण' हे ठरवायला सिक्युरिटीवाला उभा राहिला तर पहिली तीच अडकेल.

आणि कायदा कुठे कोणाला बाई मानतो हेही बघण्यासारखं आहे. मुंबई उच्च न्यायालयात मार्च २०२३ मधे न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्यापुढे एक प्रकरण आलं. शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या एका व्यक्तीनं नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागितली होती. नवऱ्याचं म्हणणं, ही बाईच नाही. कोर्ट म्हणालं, या कायद्याचं संरक्षण हिलाही आहे. म्हणजे बायकांनी वर्षानुवर्षं लढून आणलेला २००५ चा कायदा अजून एका मार खाणाऱ्या बाईच्या उपयोगी पडला, आणि त्यानं तुमचं-माझं संरक्षण तसूभर कमी झालं नाही. याउलट २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा उघडा. कलम १८. ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर कमीत कमी दहा वर्षं. हे वाचल्यावर 'त्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळतंय' हे वाक्य माझ्या तोंडून परत निघालं नाही.

आता परत चौथ्या मजल्यावर येऊ.

एचआरनं तोडगा काढला. तिला तळमजल्यावरच्या अपंगांसाठीच्या वॉशरूमची चावी दिली. चावी रिसेप्शनला. म्हणजे मीटिंगमधून उठायचं, लिफ्टची वाट बघायची, खाली जाऊन चावी मागायची, सही करायची. आम्ही अकरा जणी खूश. महिनाभरानं कॅन्टीनमधे ती माझ्यासमोर बसली होती, मी पाण्याचा ग्लास सरकवला तर म्हणाली, 'नको, मी अकरानंतर पाणी पीत नाही.'

हे वाक्य मी लहानपणापासून घरी ऐकलंय. माझी आई इथंच एमआयडीसीत पॅकिंगला जायची, अठरा वर्षं. तिच्या कंपनीत बायका चाळीस आणि संडास एक, त्याला कुलूप, चावी सुपरवायझरकडे. सगळ्यांसमोर मागायची. आई सकाळी चहा घेऊन निघायची ते संध्याकाळीच पाणी प्यायची. तिला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, पाणी किती पिता?

त्या रात्री मी आईला ऑफिसमधलं सगळं सांगितलं. सहीचंही. ती भांडी लावत होती. म्हणाली, 'तुमचे हापिसान संडास किती हायेत गो?' म्हटलं, मजल्यावर चार. 'आनि बायका?' म्हटलं, तीसेक. 'दाराला कडी हाय ना आतून? मंग भांडताव कशाला?' आणि मग जरा थांबून, 'चावी मागायला लावलीत तिला?' एवढंच. बाकी काही बोलली नाही, पण ती भांडी ज्या आवाजात लागत होती तो आवाज मला ओळखीचा आहे.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांची मोहीम चालू आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का, बायकांना संडास इतके कमी का, असे त्यांचे प्रश्न. ते वाचताना माझ्या लक्षात आलं, की मी आईच्या बाजूनं लढायला हवं होतं ती लढाई सोडून आईच्या सुपरवायझरच्या जागेवर जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला लिहिलं, माझं नाव काढा. खाली मागणी लिहिली: दारं खालून-वरून पूर्ण करा, कड्या तपासा, मजल्यावरची एक खोली कोणीही वापरू शकेल अशी करा, कुलपाशिवाय. अकरांतल्या आणखी चौघींनी नावं काढली. बाकीच्या सहा जणींनी नाही. त्यांतल्या एकीशी माझं बोलणं बंद झालं, आणि ती माझी जॉइनिंगच्या दिवसापासूनची मैत्रीण आहे. ती वाईट मुलगी नाही. तिच्यासोबत काय घडलंय ते मला माहीत आहे म्हणून सांगते. ती आता पाचव्या मजल्यावर जाते.

मेंटेनन्सवाले आले तेव्हा कळलं, दोन नंबरच्या दाराची कडी कधीपासून तुटलेलीच होती. आम्ही सगळ्या जणी दाराला बॅग लावून जायचो. सुरक्षिततेच्या त्या ईमेलमधे त्या कडीबद्दल एक अक्षर नव्हतं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी तिला विचारलं, राग आला होता का माझा? म्हणाली, 'आला होता. लिस्ट मी पाहिली होती. सातवं नाव.' मग म्हणाली, 'एपिसोडमधे मला बिचारी करू नकोस, आणि माझे बग रिपोर्ट वेळेवर बंद करत जा.'

तीन अजून उघडे आहेत. जाते, ते करते. भेटू पुढच्या रविवारी.