"हो, ऐकतोय ना!"

बॉडी लँग्वेजवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, एक आकडा हमखास येतो: बोलण्यात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५. मीही हे छातीठोकपणे सांगायचो.

मग मूळ गोष्ट वाचली. १९६७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांनी सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटोही दाखवले. प्रश्न एवढाच, की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड? म्हणजे हा आकडा भावनांपुरता. शब्द खरंच ७ टक्के असते, तर कोरियन ड्रामा सबटायटलशिवाय ९३ टक्के कळला असता की!

पण एक गोष्ट खरी. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, तेव्हा आपण बहुतेक वेळा चेहऱ्यावर विश्वास ठेवतो.

हे मला बाबांमुळे कळलं. एका रात्री ते नोकरीतली अडचण सांगत होते. मी स्क्रोल करता करता म्हणत होतो, "हो, ऐकतोय ना!" ते मध्येच थांबले. "जाऊ दे, नंतर बोलू." ते 'नंतर' यायला दोन महिने लागले.

आता बाबा बोलायला लागले की फोन दुसऱ्या खोलीत. त्यांच्याकडे वळून बसतो. ते थांबले तर लगेच तोंड उघडत नाही, मनात तीनपर्यंत मोजतो. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते.

आज घरी करून बघा. भेटूया पुढच्या भागात!