दिव्यांची रांग



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्याख्यानमालेत दिव्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. परंतु आमचे शिक्षण शाळेपेक्षा यंत्रापाशीच अधिक झाले. जे यंत्र हाती येईल ते समजून घेणे हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, असे आम्ही मानतो.

हल्ली आपली मुले घरी एलईडीचे पॅनेल आणतात आणि ते आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलरला जोडतात. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतला. पॅनेलवर ओळीला १६ याप्रमाणे २५६ दिवे, आणि डेटाची तार मात्र एकच! हे साधते कसे? डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते. आलेल्या आकड्यांपैकी पहिले २४ बिट पहिला दिवा स्वतःसाठी ठेवतो: हिरव्याचे ८, तांबड्याचे ८, निळ्याचे ८. उरलेले तो पुढच्याच्या हवाली करतो. दुसराही तेच करतो. दर दिव्याला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे सारे वाटप सुमारे ८ मिलिसेकंदांत आटोपते. बहुतेक पॅनेलवर ही रांग नागमोडी असते. ते ध्यानी न घेता अक्षर काढले, तर एकाआड एक ओळ उलटी उमटते.

आज्ञा अशी हातोहात जाते. विजेची गोष्ट निराळी. पूर्ण पांढरा पेटलेला दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतो. २५६ दिव्यांचा हिशेब १५ अँपिअरच्या वर जातो. हा भार आर्डुइनोच्या बोर्डाला पेलणारा नव्हे. त्यासाठी ५ व्होल्टचा स्वतंत्र सप्लाय घ्यावा, फ्यूज घालावा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडावे.

तरीही शेवटचे दिवे पिवळट, तांबूस दिसतात. मुले म्हणतात, दिवे खराब निघाले. वास्तविक तांब्याच्या पातळ पट्टीतून जाता जाता व्होल्टेज घटलेले असते. निळ्या एलईडीला तांबड्यापेक्षा अधिक व्होल्टेज लागते, म्हणून निळा आधी मंदावतो. यावर उपाय सोपा आहे. सप्लायच्या जाड तारा पॅनेलच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही जोडाव्यात, प्रोग्राममधून चमक कमी ठेवावी.

दोष ओळखण्याची खूणही सांगतो. उजेड हळूहळू उतरत गेला, तर वीज कमी पडते आहे. एका जागेपासून पुढे एकदम अंधार झाला, तर बहुधा डेटाची साखळी तिथे तुटली आहे. शेवटच्या दिव्यापाशी मीटर लावून पाहावे, मगच दिवा बदलावा.

आमच्या कामातही आम्ही हेच शिकलो. शेवटच्या माणसाचे काम कमी भरले, तर त्याला नालायक ठरवण्यापूर्वी त्याच्यापर्यंत काय पोचले ते पाहावे. आपल्या मुलांना तयार प्रोग्राम उतरवून घेण्यावर थांबू देऊ नका. मीटर हाती द्या, आणि घरच्या विजेच्या जोडणीपाशी मात्र जाणत्या माणसाला उभे करा.