ताईंची वही



आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे भरतात हे सांगायला ना काका होता, ना मामा. मी सर्च केलं, वर आलेल्या साइटवर पाचशे रुपये भरले. ती साइट एजंटाची निघाली. खरा पत्ता होस्टेलमधल्या सीनियर ताईंच्या वहीत होता; तो हाती आला तेव्हा मुदत संपली होती.

पुढे संगणकशास्त्र शिकताना पेजरँक समजला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत. पण मत देणार कोण? ज्याची स्वतःची साइट आहे तो. नुसत्या वाचणाऱ्याला मताधिकार नाही.

२००३ मध्ये जोशुआ शाक्टर यांनी 'डेलिशस' सुरू केलं. उपयोगी पानाचं बुकमार्क ठेवा, आपल्या शब्दांत टॅग लावा, ते सगळ्यांना दिसेल. म्हणजे ताईंची वहीच, पण सर्वांसाठी उघडी. यातून सर्च सुधारेल का, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये तपासलं. लोक ताजी पानं जपतात, सर्च इंजिनकडे नसलेली काही पानंही त्यात सापडतात, असं दिसलं. पण साधारण निम्म्या वेळा टॅगचा शब्द पानावर आधीच असतो, आणि अख्ख्या वेबपुढे हा साठा फारच छोटा.

मला उरलेला निम्मा महत्त्वाचा वाटतो. सरकारी पानावर 'पोस्ट मॅट्रिक' असतं. गावातली मुलगी 'अकरावीची शिष्यवृत्ती' शोधते. हे दोन शब्द जोडणारा टॅग तिथून गेलेला माणूसच लावू शकतो. आणि साठा छोटा असेल, तर ज्यांनी जपलं नाही त्यांचे प्रश्न त्यात नसतातच.

धोकेही आहेत. टॅग एजंटही लावू शकतो, म्हणून यादी ओळखीच्या माणसांनी तपासलेली हवी. डेलिशसही २०१७ मध्ये नव्या नोंदींसाठी बंद झालं, म्हणून प्रत आपल्याकडे हवी.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, वसतिगृह, ज्या पानांनी तुमचं काम झालं त्यांचे पत्ते लिहा. शेजारी आईला कळेल अशा मराठीत दोन शब्द आणि तपासल्याची तारीख टाका. मग ती यादी आपल्या शाळेतल्या बारावीच्या पोरांना द्या. मुदत संपायच्या आत.